मान वळते

मेर्काटोच्या गल्लीत हब्तेने
काचेवर तीन फ्लॅश मांडले.
पहिला कंपनीचा. किंमत ऐकून
वुबालेमने तो हातातही घेतला नाही.
दुसरा नवा, स्वस्त, हलका,
पण ताठ मानेचा: फक्त समोर बघणार,
नवरीचं नाक चमकवणार
आणि मागच्या भिंतीवर काळी सावली ठोकणार.
तिसरा जुना. पायाला चिकटपट्टी,
ऑटोबिटो काही नाही,
ताकद दर वेळी हाताने ठरवायची.
पण मान वळते. वर. मागे. कट् कट्.

तिने दुकानाचं छत पाहिलं. गंजका पत्रा.
"इथे नाही कळायचं."
आणि शनिवारचं लग्नघर आठवू लागली:
कॉफीच्या धुराने काळपटलेल्या भिंती,
वर मात्र छताला ताणलेलं पांढरं कापड,
परवाच धुतलेलं.

चार पेन्सिल सेल घातले.
शिट्टीसारखा बारीक आवाज चढत गेला,
लाल दिवा लागला.
हब्तेने खांद्यावरची पांढरी गाबी
दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरली.
"हं, काढ."

उजेड वर गेला,
कापडाला विचारून खाली आला.
कॅमेऱ्यात म्हातारा दहा वर्षांनी लहान.

"घेते," ती म्हणाली.
"सेलचे पैसे वेगळे," गाबी झटकत तो.