माया

रबाळे एमआयडीसी, शेडचा वरचा मजला.
खाली गास्केटं बनतात. वर आम्ही
सिलिकॉनचं यकृत पंपाला जोडून
त्याला श्वास शिकवतो. मिनिटाला चौदा.

चष्मा घातला की टेबलावर, हवेत,
दुसरं यकृत उभं राहतं. हिरवं, आत निळ्या शिरा,
आणि कडेला हरभऱ्याएवढी ती,
जिच्यासाठी हा खटाटोप.
सीटीचे चारशे बारा काप
मी एकेक करून रंगवलेत.
पेशंट क्रमांक एकतीस. नाव खोडलेलं.

अडचण एवढीच, की खालचं हलतं
आणि वरचं जरा उशिरा हलतं.
इम्तियाजचा रोबो तेवढ्यात
जिथे गाठ होती तिथे पोचतो.
होती. दोन मिलिमीटरपूर्वी.

शनिवारी आई आली डबा घेऊन
कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतून,
गळ्यात टेप तशीच, काढायची राहिलेली.
चष्मा दिला. तिनं आधी पदराला हात पुसले,
मग बोट लावलं. आरपार गेलं.
भ्याली नाही. रागच आला थोडा,
कापडाला हात लावू न देणाऱ्या
दुकानदाराचा येतो तसा.

"कुणाचं गं हे?"
माहीत नाही. नाव आमच्याकडे येत नाही.
"जेवतंय का नीट, एवढं तरी विचारायचंस."

मग तिला लाल रेघ दिसली,
रोबोनं कापायची. गाठीला अगदी लगटून,
माझे सहा महिने त्या रेघेत.

"माया किती सोडलीस?"

पंप तेवढा वाजत राहिला.
तीस वर्षं ब्लाउज शिवतेय ती. म्हणते,
माप देताना बाई श्वास धरून उभी राहते
आणि घालते तेव्हा हसते, जेवते, पोर उचलते.
म्हणून शिवणीच्या आत अर्धा इंच,
कुणाला न दिसणारा.

डॉक्टर तुंगारे त्याला मार्जिन म्हणतात.
माझ्या पडद्यावर तो नुसता एक आकडा होता,
शून्याकडे ढकलत नेलेला,
कारण पेपरात तसाच शोभतो.

बसले. रेघ बाहेर ओढली, थोडी,
तिच्या श्वासाइतकी. किंवा त्याच्या.
एका बाजूला मात्र शीर होती, जाड, निळी.
तिथे सोडायला कापडच नव्हतं.

"इथं काय करशील?"
मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे.
तिच्याकडेही नव्हतं. टेपेचं टोक
बोटाला गुंडाळत राहिली.

मग डबा उघडला. वालाचं बिरडं.
इम्तियाजनं रोबोचा हात
भिंतीकडे वळवून ठेवला, ताटाला लागू नये म्हणून.
पंप कुणी बंद केला नाही.
आम्ही जेवलो, आणि एकतीस नंबर
तिथेच शेजारी श्वास घेत होता.