एक इंच

रात्री अकरा ते सकाळी सात मी काचेच्या आत.
काचेला खाली अर्धगोल भोक. तेवढ्यातून
पैसे आत येतात, किल्ल्या बाहेर जातात.
शिव्यांना भोक लागत नाही.

बाहेर ॲमारिलोचा वारा. तारेच्या कुंपणात
पिशव्या अडकून फडफडतायत,
कुंपणामागे एकशे चौदा गाड्या,
मालकांना न विचारता आणलेल्या.

माझ्या डोक्यावर पाटी, राज्याने लावायला लावलेली:
ओढून आणल्याचे किती, दिवसाचं भाडं किती,
आणि दाद कुठे मागायची.
अक्षरं निदान एक इंच उंच हवीत, हेही राज्याचंच.
पाटी रंगवली डेलबर्टने, मालकाच्या मेव्हण्याने.
त्याला रंग पुरला, जागा पुरली नाही.

पहाटे तीनला नॉ एह वा आली.
पांढरे रबरी बूट, अंगाला ब्लीचचा वास,
मांसाच्या कारखान्यातून थेट चालत.
सोबत पोरगा, नऊ-दहाचा. आईचं इंग्रजी तोच.

तो म्हणाला, आम्ही धावत आलो होतो.
आई ओरडत होती, मी बूट हातात घेऊन.
मागचं चाक तेव्हा जमिनीवरच होतं.

हे मला रोज ऐकावं लागतं.
कायद्याने त्या क्षणालाही दर लावलाय:
गाडी पुरती अडकवायच्या आत धनी पोचला
तर थोडक्या पैशांत सोडायची.
पुरती म्हणजे किती, ते ठरवणार रॉयस,
रात्री एक वाजता, एकटा, साखळी हातात घेऊन.
रॉयसच्या कागदावर चाकं वर होती.
त्याच्या कागदावर ती नेहमीच वर असतात.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती ही.
तिच्या बिल्डिंगखाली ती डांबरावर होती,
पिवळी, आणि निम्मी पुसलेली.

पोरगा टाचा उंचावून पाटी वाचत होता,
आईला तिच्या भाषेत एकेक ओळ देत.
शेवटच्या ओळीला थांबला.
‘मॅम, खालचं दिसत नाही.’

अकरा वर्षं ती पाटी माझ्या डोक्यावर आहे.
मी कधी मान वर केली नव्हती.
पावत्या फाडायची पट्टी घेतली, खुर्चीवर चढले.
वरची अक्षरं, पाऊण इंच.
सुनावणी मागण्याची ओळ, जेमतेम अर्धा.

मी खाली उतरले. बिल तेवढंच राहिलं,
ते कमी करणं माझ्या हातात नाही.
तिने मोज्यातून काढलेल्या नोटा मोजल्या,
मी पुन्हा मोजल्या, दोघींची बेरीज जुळली.
मग त्या भोकातून किल्लीबरोबर
एक फॉर्म सरकवला, पेनसुद्धा,
आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली,
काचेपलीकडे जाईल एवढ्या मोठ्याने.
पोरगा ती आईला सांगेपर्यंत थांबले.

गाडी सुरू झाली तेव्हा मागच्या सीटवर
तो झोपलासुद्धा होता, तोंड उघडं टाकून.

गुरुवारी दहाला सुनावणी आहे.
मालकाला मी दाताच्या डॉक्टरचं सांगितलंय.
पट्टी माझ्या पर्समध्ये आहे.
पावत्या आताशा हाताने फाडते.
त्यांच्या कडा इतक्या वेड्यावाकड्या का,
हे अजून कुणी विचारलेलं नाही.