तोंडओळख

केंटकीत गवतावर दहिवर गोठू लागलं
की माझ्या टेबलावर नळ्या येऊ लागतात.
थर्मोकोलचं खोकं, निळ्या बर्फाच्या पिशव्या, लाल बुचं.
रक्त खाली बसलेलं,
वर बोटभर पिवळसर निवळ.
मला तेवढीच लागते.

एकोणीस वर्षं घोड्यांचं काम करते आहे.
शेवटचा घोडा कधी हाताला लागला,
विचाराल तर आठवावं लागेल.

आजच्या खोक्यात चौदा शिंगरं.
सगळ्यांचं दूध ऑक्टोबरात तोडलेलं.
आईकडून उसनं आणलेलं संपत आलंय,
स्वतःचं अजून साठलेलं नाही,
नेमका हाच मधला महिना
आतड्यातल्या त्या जंतूला माहीत असतो.
ससे आणतात म्हणे. शेणातून, चाऱ्यातून. तोंडावाटेच.

फॉर्म एउसेबिओच्या अक्षरात, पेन्सिलीने.
नावाच्या रकान्यात चौदाही वेळा: अजून नाही.
चौथ्याच्या शेऱ्यात:
जबड्याखाली सूज. खात नाही.
आईला नेलं त्या फाटकापाशी उभं असतं.
(शेरा एवढा लांब लिहायचा नसतो.)

मी निवळ पातळ करते.
साठात एक. एकशेवीसात एक. दोनशेचाळीस.
प्रत्येक खाचेच्या तळाशी जंतू, मेलेले, चिकटवलेले,
ओळखपरेडीला उभे केल्यासारखे.
रक्ताने त्यांना कधी पाहिलं असेल
तर ते जाऊन बिलगतं,
आणि भिंगाखाली तांबडं उमटतं.

चौथ्याची खाच कोरी.
पुन्हा केली. कोरीच.

नववी मात्र नऊशेसाठपर्यंत तांबडी.
नववीचा शेरा: धडधाकट, दुसऱ्यांचंही खाते.

डॉक्टर हॅस्लेटचा फोन आला.
मग आजारी कोण?
म्हटलं, बाई, हे रक्त फक्त
कुणाची कुणाशी तोंडओळख आहे एवढंच सांगतं.
भांडण झालं का, कोण हरलं,
ते तुमच्या डोळ्यांनी बघायचं.
चौथ्याची ओळख कदाचित आजच होते आहे.
रक्ताला नाव घ्यायला वेळ लागतो.
शेणाचा नमुना पाठवा. औषध थांबवू नका.
दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त काढा.

दोन आठवडे त्याच्याकडे आहेत का,
हे तिने विचारलं नाही.
मीही फोन ठेवून
हातमोजे बदलले.

नाताळच्या आदल्या दिवशी एकच नळी आली.
खोकं मोठं, नळी एक, आत खडखडत.
साठ तांबडी. एकशेवीस तांबडी.
दोनशेचाळीसला मी खुर्ची पुढे ओढली.
चारशेऐंशीलाही तांबडी,
फिकट, पण नाकारता येणार नाही अशी.

शेऱ्यात: सूज उतरली. बरगड्या अजून दिसतात.
फाटक सोडलं.

नावाच्या रकान्यात काहीतरी लिहून खोडलेलं होतं.
मालकाच्या आधी नाव ठेवायची मुभा
तबेल्यातल्या माणसाला नसते.
मी कागद खिडकीशी धरला.
पाच अक्षरं, स्पॅनिश असावीत,
मधलं एक लागलं नाही.

उरलेली निवळ फ्रीझरमध्ये ठेवली,
चिठ्ठीवर नंबर घातला,
आणि नंबराखाली
लागली तेवढी चार अक्षरं.