दुसऱ्या भागाची मुद्रितं

मृण्मयी चौगुले स्कूटीवरून आली,
डिकीतून गठ्ठा काढला, म्हणाली,
"काकी, भाग दुसरा. ह्यो जरा नीट बघा."
लक्ष्मीपुरीत आमचा छापखाना,
खाली मसाल्याचं कांडप,
त्यामुळं इथं कुठलीही प्रेमकथा
दोनदा शिंकून मगच वाचावी लागते.

पहिला भागही मीच तपासला होता.
'कप्तान' त्याचं नाव.
कॉलेजची टीम, नऊ नंबरची जर्सी,
नव्वदाव्या मिनिटाला गोल,
आणि गॅलरीत ती, ओढणी सावरत.
दीडशे पानं पोरीनं फक्त टाळ्या वाजवल्या.
दोनशे बाराव्या पानावर रंकाळ्यात सूर्य बुडाला
आणि तिला मिठीत घेतलं गेलं.
घेतलं गेलं. मी समासात काही लिहिलं नाही.
हॉस्टेलच्या पोरी रडल्या म्हणे.
मी ऱ्हस्व-दीर्घ नीट केले आणि बिल लावलं.

हा भाग वेगळा आहे हे
अकराव्या पानावर कळलं.
वैदेही मगदूम, मुलींच्या टीमची गोलकीपर,
ग्लोव्ह्ज धुऊन खिडकीच्या गजाला अडकवते
आणि रात्रभर खोलीत
ओल्या कुत्र्यासारखा वास येतो.
हा वास बाहेरून बघून लिहिता येत नाही.
मला माहीत आहे. मी खो-खो खेळले आहे, विद्यापीठाकडून.
माझ्या डाव्या गुडघ्यात ते मैदान
अजून चिमूटभर शिल्लक आहे.

नायकाचं नाव दिग्विजय, आणि बसतो बाकावर.
अख्ख्या पुस्तकात तो एकूण चौदा मिनिटं खेळतो.
बाटल्या भरतो, पट्ट्या गुंडाळतो,
मुलींचे सामने कंपाउंडवर बसून बघतो,
समोरची कोण डाव्या पायानं मारते ते वहीत टिपतो.
ती वही तो वैदेहीला देतो.
एवढंच देतो, तिसऱ्या प्रकरणात.
मी चष्मा काढून पुसला,
शिंक आली नव्हती तरी.

मग गंगावेशीचा दूध कट्टा,
म्हैस समोर, पेला हातात,
त्याच्या ओठावर फेसाची मिशी.
पहिल्या भागात ती हळुवार बोटानं पुसली गेली असती
आणि प्रकरण संपलं असतं.
इथं ती म्हणते, "पूस की त्वांड,"
आणि पेनल्टीबद्दल बोलत राहते.

सगळंच जमलंय असं नाही.
प्रशिक्षक अजून डोळे बारीक करून बोलतात,
बापाचं मन एका पानात वळतं,
'स्पंदनं' एकोणीस वेळा, मोजली मी.
आणि गुडघ्याची दोरी तुटल्यावर
सहा आठवड्यांत कुणी गोलात उभं राहत नाही.
समासात लिहिलं: नऊ महिने. मला विचार.

पण पान अठ्ठ्याऐंशी.
सामना हरून वैदेही रात्री खोलीवर येते,
दाराशी बूट काढते, म्हणते, "आलो गं."
माझं पेन सवयीनं खाली गेलं.
शेजारी मृण्मयीच्या अक्षरात, पेन्सिलनं:
'काकी, ह्याला हात लावू नका.'

पहिल्या भागातल्या पोरीचे
एकूण एक 'आलो', 'बसतो', 'जेवलो'
मीच 'आले', 'बसते', 'जेवले' केले होते.
बेचाळीस ठिकाणी. लाल शाईनं. शुद्ध.
म्हणजे टाळ्या वाजवणारी ती बाहुली
निम्मी मृण्मयीची होती,
निम्मी माझी.

खोडायला घेतलेलं तसंच ठेवायचं असेल
तर शब्दाखाली टिंबं देतात.
दिली.
खाली कांडप बंद झालं होतं,
जिन्यात तिखट तेवढं तरंगत होतं.

वर कुठंतरी मी 'खेळले आहे' असं लिहिलंय.
ते खोडा.
खेळलो. चार वर्षं, खांबापासून खांबापर्यंत.
बिल उद्या लावतो.