खाणीतला धनी

शांबाच्या मांत्रिकाला धनी हवा होता.
पुस्तकातले सगळे परदेशी:
शिंगं, ज्वाळा, गंधकाचा वास.
"आमच्या डिचोलीत असला कोण टिकायचा?" तो म्हणाला.

मग मी वहीत लिहायला घेतलं.
वस्ती: बंद खाणीचा खंदक, पाणी हिरवं,
तळ कुणी पाहिलेला नाही.
वय: तिथं डोंगर होता तेव्हापासूनचं.
आवाज: रिकामा टिपर उताराला लागतो तसा.
हा देवचारासारखा राखणदार नव्हे.
याला सोरो-रोट नको, झिजलेल्या वाहाणा नकोत.
दर मंत्रामागे
गावातल्या एका झरीचं नाव
तेवढं विसरायचं.

"एवढंच?" शांबानं हसत फासा टाकला.
वीस!
मेलितानं टाळी दिली. राक्षस उभा जळाला.
मी म्हटलं, आता सांग,
कुठली झर देतोस?

तो बोलेना.
खिडकीबाहेर त्याच्या पप्पांचा टिपर,
सात वर्षं जागचा हललेला नाही,
हौद्यात तेरडा उगवलाय.

"आधीच गेलेली चालेल?"
त्यानं हळूच विचारलं.

मी वही चाळली, मागची पानंसुद्धा.
तसा नियम
मी केलाच नव्हता.