पस्तीस

पडद्यांच्या शिलाईचे साडेचार हजार बुडाले,
त्याबदल्यात ही काच मिळाली.
वेळागरचा होमस्टे बंद पडला तेव्हा मालक म्हणाला,
पैसे नाहीत, टाकी घेऊन जा,
आत दोन मासे आहेत, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे.
टेंपोत मी बादली मांडीवर धरून बसले,
वर ओढणी बांधून.

पाणी बदलायची वेळ आली
तशी कळशी घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले.
ऑगस्ट होता. त्या महिन्यात डोंगर सगळाच्या सगळा
खाडीतून खाली येतो.
दिसायला समुद्र, आतून नदी.
दुसऱ्या दिवशी एक मासा आडवा तरंगत होता.

तेव्हापासून मीठ पाकिटातलं.
बोस्त्यांव जाळं खांद्यावर टाकून जाताना
दारात थांबून हसतो:
"दारात दर्या, आनि मीठ इकत हाडतंस गे?"
मी शिलाईमशीनखालचा ड्रम पुढे ओढते.

आधी आरओचं पाणी, मग मीठ.
उलट केलं तर तळाशी चुन्यासारखा साका बसतो
आणि जन्मभर ढवळलं तरी विरत नाही.
वीस लिटरला सातशे चाळीस ग्रॅम.
पण पाकीट उघडं राहिलं की मीठ हवा पितं,
मग काटासुद्धा खोटं बोलतो.
गिऱ्हाईक सांगतं तीस कंबर, टेप सांगते चौतीस,
तसलंच.
म्हणून पंप लावून रात्रभर फिरू द्यायचं
आणि सकाळी भिंगाला विचारायचं.

रिफ्रॅक्टोमीटर. बोलायला अवघड, वापरायला नाही.
आधी बाटलीतल्या खात्रीच्या पाण्यानं त्याला खरं बोलायला लावायचं,
मलमलीच्या तुकड्यानं पुसायचं,
मग ड्रमातले दोन थेंब,
आणि खिडकीकडे तोंड करून एक डोळा मिटायचा.
वर निळं. खाली पांढरं.
मधली रेघ पस्तिसावर आली
की माझ्या हातात, बोटभर नळीत,
शिरोड्याचं क्षितिज.

परवा बाबा ड्रमापाशी येऊन उभे राहिले.
चाळीस वर्षं मिठागरात काढलेला माणूस,
आता प्रेशरमुळे पेजेतही मीठ नाही.
बोट बुडवलं, जिभेला लावलं.
मी अडवायला हवं होतं.
"ह्यां कच्चां," ते म्हणाले.
"आजून आठ दिवस ऊन व्हयां."

मी म्हटलं, बाबा, हे तयार आहे.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
अर्धवट शिजलेला भात वाढणाऱ्या सुनेकडे पाहावं तसं.

खरंच आहे त्यांचं. बांध फोडून आत घेतलेला समुद्र
म्हणजे नुसता पहिला वाफा,
तिथून पुढे वाट बघणं: पाणी जाईल,
उरेल ते आपलं.
आणि मी रोज संध्याकाळी
काचेवरच्या स्केचपेनच्या खुणेपर्यंत
दीड तांब्या गोडं पाणी ओतते,
कारण हवेत जातं ते फक्त पाणी,
मीठ मागे राहून दाट होत जातं.
त्यांना ते बघवत नाही.
"आयतां आटता हा, तर आटांदे मां."

काल सावंतवाडीला अस्तर आणायला गेले,
एसटी चुकली, यायला नऊ वाजले.
टाकीचा दिवा चालू.
बाबा समोर खुर्चीत, तांब्या पायाशी,
मासा त्यांच्या बोटामागे काचेआडून फिरतोय.
"वतलंय मी," म्हणाले. "मीठ नाय घातलंय."

भिंग पुसलं. चौतीस.
पाणी खुणेच्या वर, चांगलं बोटभर.

मी काहीच बोलले नाही.
उद्यापर्यंत तेवढं आटेल.