पातेलं

डोळखांबच्या टपरीमागे सामानाची वाटणी झाली.
मुबीनकडे दोर, लोपीसकडे तंबूचे खांब,
केतकीकडे औषधं
आणि प्रत्येकाच्या बीपीचा आकडा, पाठ.
माझ्या वाट्याला पातेलं आलं.
आठ माणसांच्या खिचडीचं, काळ्या बुडाचं.
सॅकला बांधलं की दर पावलाला
पाठीमागून कुणीतरी दार वाजवतंय.

चैत्र.
कुसुंबाची पालवी इतकी तांबडी, इतकी ओली,
लांबून वाटावं, कुणी झाडच सोलून ठेवलंय.
पायाखाली गेल्या आठवड्याचा वणवा.
राखेतून एक हिरवं बोट वर आलेलं.
नाव विचारलं.
काळू वारघडे म्हणाला,
"पाऊस लागू दे, मग सांगतो."

दुपारी नळीत शिरलो.
एक दगड हलला की खालचे सगळे भिंतीला चिकटतात,
माणसांची नावं संपतात,
"दगड! दगड!" एवढीच भाषा उरते.
लोपीसचा गुडघा बोलू लागला,
मुबीन बोलायचा थांबला.
मी मोजत होतो. वीस पावलं, मग श्वास.
मग पंधरा. मग आठ.
मग मोजणंच खाली सोडून दिलं,
तेवढंच ओझं कमी.

नकाशावर टाक्याचा निळा ठिपका होता.
टाक्यात वीतभर गाळ,
गाळात एक माकड, पाठमोरं.

केतकीने बाटल्या ओळीत ठेवल्या
आणि झाकणाने मोजून पाणी वाटलं.
कळव्याचा हात, वागळे इस्टेटचा हात, कोलशेतचा माझा हात,
झाकण धरताना सगळे सारखेच थरथरले.

काळूने न विचारता माझ्या सॅकचं पातेलं सोडवलं
आणि कड्याच्या पोटाकडे निघून गेला,
जिथे आम्हाला नुसती भिंत दिसत होती.

अर्धा तास.
पाऊण.
सूर्य कोकणात उतरला.
कुणीतरी म्हणालं, "गेला असेल घरी."
कोण म्हणालं ते मला माहीत आहे.
तो आवाज माझा होता.

तो आला तेव्हा पातेलं वाजत नव्हतं.
कपारीतून ठिपकणाऱ्या पाण्याखाली
त्याने ते धरून ठेवलं होतं, एवढा वेळ, हातांवर.
पाण्यावर कुसुंबाचा तांबडा डहाळा,
हिंदकळू नये म्हणून.
"उकळून घ्या," म्हणाला, "तुम्हाला सवय नाही."

खिचडीत मीठ कुणीच टाकलं नाही.
ते सकाळी आठवलं.

तिसऱ्या दिवशी पायथ्याला
मी ठरल्यापेक्षा दोनशे जास्त दिले.
काळूने मोजले, दोनशे परत केले,
आणि पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाला,
"हे इथंच राहू दे. पुढच्या खेपेला वर न्यायला होईल."

ठाण्याला परतताना सगळे झोपले होते.
सॅक मांडीवर, हलकी.
पाठीमागे कुणी दार वाजवत नव्हतं,
आणि मी शहापूर गेलं तरी
कान देऊन बसलो होतो.